भट्टीवाल्यांचा काळा केक

आमच्या वरच्या मजल्यावर जे राहतात त्यांना सगळी इमारत भट्टीवाले म्हणते. मोठ्या बेकरीत पस्तीस वर्षं भट्टी सांभाळली म्हणून. माणूस आडमाप, पंजे फावड्याएवढे, आणि मनगटावर केस म्हणून उगवत नाही. धगीनं कधीच जळून गेले. बोलणं मात्र तोलूनमापून. ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्या दोन शब्दांवर ह्या गड्यानं संसार रेटला.

संसार तरी कसला! ह्यांची पाळी पहाटेची, बायकोची संध्याकाळची, इस्पितळाच्या धुलाईखात्यात. ती घरी यायची तेव्हा हे घोरत पडलेले, हे निघायचे तेव्हा ती. दोघांची गाठ काय ती दुपारी तीन-चार तास, त्यातही निम्मा वेळ किराणा आणि गळका नळ खायचा. बायको म्हणायची, “एकदा दोघं निवृत्त होऊ द्या, मग दिवसभर बसू समोरासमोर.” झाले निवृत्त. आठ महिने बसलेही. मग लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको परमुलखात लेकीकडे गेली, तीन महिन्यांसाठी. त्या तीन महिन्यांना आता दोन वर्षं झाली.

दर रविवारी अकराला ती फोनवर दिसते. “जेवलात?” “हं.” “गोळ्या घ्या वेळेवर.” “बरं.” संपलं. ‘तू परत ये’ म्हणायला जीभ वळेना. मी टोकलं की म्हणायचे, “लेकीला गरज आहे. आपण कोणत्या तोंडानं बोलवायचं?” आणि गॅलरीत जाऊन उगाच पायपुसणं झटकायचे.

अशात लेकीनं एअर फ्रायर धाडला. बाबा एकटे, गॅस चालू ठेवून विसरतील, म्हणून. पंधरा दिवस खोकं तसंच पडून होतं. एका सोमवारी मला वर हाक आली.

“गड्या, ह्यात काळा केक होईल का रे?”

काळा केक म्हणजे त्यांच्या बेकरीचा मानाचा माल. त्यात स्टाउट पडायची, काळी, कडवट बिअर. भट्टीत दारू उडून जाते आणि चॉकलेटला एक खरपूस कडूपणा मागे राहतो. पण एकही केक कधी घरी आला नाही. बाहेर पडताना पिशव्या तपासायचे. बायको त्यांचा सदरा नाकाशी धरून म्हणायची, “वास तेवढा आणता घरी. एकदा करून घाला की!” घरात ना भट्टी होती, ना सवड. आता बेत असा, की रविवारी फोनवर केक दाखवायचा. बघून तीच म्हणेल, येते.

“सरळ ‘ये’ म्हणून मोकळे व्हा ना.”

“तसं नको. तिच्या तोंडून निघालं पाहिजे.”

म्हटलं, घाला द्राविडी प्राणायाम.

पहिली अडचण मापाची. ह्यांना येत होतं ते एका घाण्याचं, म्हणजे ऐंशी केकांचं. दोनशे अंडी, त्याच हिशेबात बाकी सगळं. दोघं बसून भागाकार करत राहिलो. एका केकाला अडीच अंडी आली.

“अर्धं अंडं कसं घालायचं?”

“फेटून अर्धं ओतायचं.”

“आणि उरलेलं?”

“घाला माझ्या तोंडात.”

लोणी आणि स्टाउट गरम करून त्यात कोको, साखर, मग अंडी, दही, मैदा, सोडा. तिथपर्यंत हात सराईत. खरी गंमत पुढं झाली. भट्टीचा ताव जोखायची त्यांची रीत अशी, की तळावर चिमूटभर मैदा भिरकावायचा, दहा आकडे मोजायचे आणि रंग बघायचा. पस्तीस वर्षं ह्यात चूक नाही. त्यांनी एअर फ्रायर तापवला, टोपली ओढली, मैदा टाकला, मोजलं, उघडलं. कण नाही. म्हणाले, “कमी पडला असेल,” आणि मूठभर टाकला. आत पंखा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागच्या जाळीतून मैद्याचा असा फवारा निघाला, की भट्टीवाल्यांच्या भुवया, गॅस, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पांढरंफटक!

मी म्हणालो, “ही भट्टी नाही, उफणणी आहे. वाऱ्यावर धरायची.”

ऐकतो कोण. पहिला केक वरून कोळसा, पोटात रबडी. दुसऱ्याखाली मोठासा कागद घातला. वाऱ्यानं तो वर उडाला, तापल्या तारेला चिकटला आणि जिन्यापर्यंत धूर. प्रत्येक खेपेला नवी बाटली. जन्मात न प्यालेला माणूस तो, कापडी पिशवी छातीशी कवटाळून दारूच्या दुकानातून यायचा, आणि बाटली किल्ल्यांवर आपटून जिनाभर किणकिणायची. तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंचं मशीन दारापाशीच. आठवड्यात तीनदा किणकिण, वरून धूर, त्यात दोन बाप्यांचं खिदळणं. काकूंनी दोन आणि दोन पाच केले आणि लावला थेट भट्टीवाल्यांच्या बायकोला, वहिनींना, फोन.

आम्हाला ह्याचा पत्ता नाही. रविवारी सकाळी भट्टीवाल्यांनी अखेर पंख्यापुढे हार मानली. आच दीडशेवर आणली, केकाच्या डब्यावर फॉईल घालून कडा खालून घट्ट दुमडल्या, आणि पन्नास मिनिटं हात पाठीमागं बांधून उभे राहिले. केक फुगला. काळाभोर, मधोमध जरासा उकललेला. टेबलावर काढून ठेवला तोच फोन वाजला. दहाच वाजले होते.

“किती झाल्या?” वहिनींचा आवाज कडकडला.

“काय किती?”

“बाटल्या!”

“तीन.”

“तीन! आणि तोंड वर करून सांगताय? ह्या वयात?”

“केकात घातल्या.”

“हो, आणि मी इथं विमान चालवते! तो खालचाही येऊन बसतो म्हणे प्यायला.”

मी दाराआड झालो. भट्टीवाल्यांनी फोन केकाकडे वळवला. पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

“काळा?”

“हं.”

“जवळ धरा. अजून. वाफ निघतेय की अजून… कुणासाठी केलात?”

मी दाराआडून हातवारे करतोय, बोला, बोला. त्यांनी स्वच्छ हात पुन्हा पुसले.

“बरं,” म्हणाले.

“बरं काय? कुणासाठी, विचारतेय मी!”

“तुझ्यासाठी. तू ये.” मग एकदा तोंड फुटलं ते फुटलंच. “लेकीला गरज आहे, कळतं मला. पण मला करमत नाही. आठच महिने मिळाले आपल्याला. ये तू.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दोन वर्षं वाट बघतेय मी,” वहिनी म्हणाल्या. “लेक सारखी विचारते, बाबांनी बोलावलं का? मी म्हणते, त्यांचं माझ्यावाचून छान चाललंय.”

“छान नाही चाललं.”

“मग आधी बोलायला काय झालं होतं? लगेच नाही जमायचं आता. नातीला पाळणाघरात रुळवायचंय. दीड महिना धरा.”

“बरं.”

“बरं म्हणू नका हो!”

“मग काय म्हणू?”

“लांब आहे म्हणा.”

“फार लांब आहे,” भट्टीवाले म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

केकाचा मोठा तुकडा मी शिंपीणकाकूंना नेऊन दिला. हुंगून म्हणाल्या, “दारू आहेच ह्यात, मी सांगत होते!” आणि दुसरा मागितला.

मंगळवारी दुपारी वर गेलो तर फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा. पलीकडे वहिनी नातीचे कपडे घडी करत होत्या, अलीकडे हे घेवडा निवडत होते. कुणीच काही बोलत नव्हतं. मला बघून भट्टीवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी आल्या पावली खाली उतरलो.