हातातली खाली ठेवायची नाही

लोवेल स्टिकनी एकतीस वर्षं गावभर पाण्याच्या मीटरचे आकडे वाचत हिंडला, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बंदुकांच्या बाजारात. बंदुकाही कुठल्याही नव्हेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात घोडेस्वार वापरत त्या आखूड शार्प्स कार्बाइन. आणि त्यांतही, युद्ध संपल्यावर सरकारने कागदी काडतुसांऐवजी धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतलेल्या, तेवढ्याच. घरात अशा अकरा होत्या. त्याची बायको अर्दिथ त्यांना 'तुझ्या बाया' म्हणायची.

बारावीच्या शोधात त्याच्या डोक्यावरचे केस गेले. बदल करताना झिजलेल्या नळीत सरकारी कारागीर नवं अस्तर बसवत; अशा नळीत आतून तीन खाचा दिसत. मूळ नळी शाबूत असली तर सहा. लोवेलच्या अकराही तीन खाचांच्या; बारावी त्याला सहाचीच हवी होती. सहाची कधी दिसलीच, तर ती नेमकी त्याच नादाच्या मर्ल गँटच्या हातात असायची, आणि मर्ल ती मुद्दाम चार वेळा दाखवायचा.

त्या शनिवारी मॅरिएटाच्या जत्रेच्या मैदानावर, म्हाताऱ्या हॉबर्टच्या टेबलावरची एक कार्बाइन लोवेलने उचलली. नळीत बारीक बॅटरीचा उजेड टाकून खाचा मोजल्या. परत मोजल्या. सहा! दस्त्यावर डाव्या बाजूला तपासनिसाचा शिक्काही अगदी ठसठशीत. पासष्टीचा लोवेल जागच्या जागी चक्क दोन पावलं नाचला.

या बाजारात एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला पुढे कोणी कॉफीसुद्धा विचारत नाही. बंदूक हातात आहे तोवर सौदा तुमचा. खाली ठेवलीत की उचलेल त्याचा. आणि चेकबुक होतं अर्दिथच्या पर्समध्ये, अर्दिथ पलीकडच्या हॉलमध्ये गोधड्या बघत होती.

तेवढ्यात मर्ल टपकलाच.

"काय लोवेल, हात भरून आला असेल. ठेव की जरा."

"माझ्या हाताची काळजी तू नको करूस."

"बरं, डोनट घे. गरम आहे, दोन्ही हातांनी धर."

"मला साखर वर्ज्य आहे."

"कधीपासून?"

"तू आलास तेव्हापासून."

हॉबर्ट टेबलावर थाप मारून हसला.

चाळीस मिनिटं गेली. नाक खाजलं, पाय अवघडले, लघवीला लागली. पण लोवेलच्या पोटात सुखाच्या गुदगुल्या थांबेनात. ओळखीचा असो वा नसो, समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो "सहा!" एवढंच सांगत होता.

शेवटी काखोटीला गोधडी मारून अर्दिथ आली.

"हे काय ध्यान उभं आहे!"

"अर्दिथ, सहा!"

"बघू," ती म्हणाली, आणि आनंदाच्या भरात त्या बावळटाने कार्बाइन तिच्या हातात दिली.

"सोडली! सोडली!" मर्ल ओरडला. "हॉबर्ट, तू साक्षीदार!" मग टोपी काढून एकदम गोड आवाजात, "वहिनी, जड आहे हो ती. ठेवा टेबलावर."

लोवेलला आठवलं, घरी हिने एकदा एक कार्बाइन धुण्याच्या मशीनवर ठेवली होती. टेबल तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

अर्दिथने चष्मा लावला. दस्ता डावीकडे वळवला. "शिक्का घासलेला नाही." लोवेलच्या खिशातली बॅटरी काढून तिने नळीत पाहिलं. "सहाच आहेत. आणि कोणी पॉलिश मारून वाट लावलेली नाही. हॉबर्ट, काय घेणार?"

घासाघीस करून, कार्बाइन काखेत धरूनच तिने चेक लिहिला.

"वाचवलंस गं मला!" लोवेल म्हणाला.

"तुला कसलं? ही माझी. हातात कोणाच्या होती? कायदा तुमचाच."

"पण तुला हे सगळं कळतं कसं?"

"एकतीस वर्षं रोज रात्री जेवताना हेच ऐकतेय. तुला काय वाटलं, बटाटे ऐकत होते?"

आपण एवढी वर्षं भिंतीशी बोलतोय, असं लोवेलला खरंच वाटत आलं होतं. त्याला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मर्लसुद्धा टोपीने तोंड झाकून हसायला लागला.

"जरा हातात देतेस?" लोवेलने डोळे पुसत विचारलं.

"विचारलंस ते बरं केलंस," अर्दिथ म्हणाली, आणि दिली नाही.