मीटिंग रूममधली चिनी मालिका

कुठल्याही ऑफिसात चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कुणाकडे बॉसचे असतात, कुणाकडे व्हिसाचे. माझ्याकडचे सगळे एका चिनी मालिकेचे आहेत, आणि दुर्दैवाने बहुतेकांत बावळट मीच आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत, फ्रिस्कोच्या आमच्या ऑफिसात मी टेस्टिंगची टीम लीड होते. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, मतं मात्र भरपूर. शेजारच्या क्यूबमध्ये, म्हणजे पार्टिशनच्या पलीकडे, मेई बसायची. पन्नाशीची, चीनमधल्या चेंगदूची, जेमतेम बोलणारी. जेवताना ती लॅपटॉपवर डीव्हीडी लावायची. एक दिवस मीही डबा घेऊन तिच्याशेजारी बसले. कपड्यांच्या कंपनीतली मोठी बॉस आणि तिच्या हाताखालचा तरुण डिझायनर, अशी मालिका होती. आठवड्याभरात माझ्या टीममधला निखिलही यायला लागला. चौतीस वर्षांचा, नागपूरचा, मला कटाक्षाने 'तुम्ही' म्हणणारा. मग आम्ही तिघं छोट्या मीटिंग रूममध्ये हललो.

*

इंग्लिश सबटायटल्स कुणी केली होती देव जाणे. हिरो जिन्यात उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून बॉसला काहीतरी म्हणतो, आणि खाली येतं, 'आय हॅव अप्रूव्ह्ड यू.' आम्ही इतके हसलो की मेईने डीव्हीडी थांबवली आणि तो 'तू मला आवडतेस' म्हणतोय, असं सांगितलं. तेव्हापासून आमच्यात कुणाला काहीही आवडलं की ते 'अप्रूव्ह्ड' व्हायचं.

एकदा मी भरली वांगी नेली होती. निखिलने घास खाल्ला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "अप्रूव्ह्ड."

मी त्याला मसाल्याची रेसिपी ईमेल केली.

*

त्या जिन्याच्या सीनच्या आधी, पहिले सहा एपिसोड, मी तो हिरो बॉसचा धाकटा भाऊ समजत होते. कारण तो तिला सारखा 'जिए' म्हणायचा, आणि त्याचा अर्थ ताई, एवढं मेईने मला सांगितलं होतं. भावाबहिणीचं प्रेम किती छान दाखवलंय, असं मी तिला दोनदा म्हणाले होते. सातव्या एपिसोडला त्यांनी लिफ्टमध्ये एकमेकांचे हात धरले, आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला.

मेईने शांतपणे समजावलं, की वयाने मोठ्या बाईला सगळेच तसं म्हणतात, त्यात नातं काही नसतं.

मी म्हटलं, "आमच्याकडे ताई म्हटलं की विषय संपतो."

निखिल एकदम म्हणाला, "म्हणूनच मी म्हणत नाही."

मला वाटलं, अमेरिकेत लागलेली फॉर्मल सवय असेल. त्याला अमेरिकेत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

*

मीटिंग रूम रोज बुक करायची तर कॅलेंडरवर काहीतरी कारण हवं. मी लिहिलं, 'क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग'. आमचा मॅनेजर ग्रेग एका दुपारी ट्रेनिंग बघायला येऊन बसला. त्या दिवशी नेमकी हिरोची बदली होते आणि बॉस रिकाम्या डेस्कजवळ उभी राहते. ग्रेग डोळे पुसत उठून गेला. वर्षअखेरीच्या माझ्या रिव्ह्यूमध्ये टेस्टिंगबद्दल दोन ओळी होत्या आणि ट्रेनिंगबद्दल अख्खा पॅरेग्राफ.

*

शेवटच्या काही एपिसोडमध्ये बॉस त्याला होकार देते. मी भडकले. बाईला काही अक्कल नको का, आठ वर्षांनी लहान मुलगा, लोक काय म्हणतील, असं मी पंधरा मिनिटं बोलले. बोलताना माझा आवाज का चढतोय, ते माझं मलाही कळत नव्हतं. निखिलने डबा न संपवताच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या टीममध्ये ट्रान्सफर मागितली. मी तो अर्ज तीनदा वाचला. मग सही केली आणि वर त्याला अर्धा तास करिअर ग्रोथवर लेक्चर दिलं. त्यानंतर तीन आठवडे मी आणि मेई दोघीच जेवलो. मालिका लावावीशी वाटेना.

नव्या टीममध्ये रुजू झाला त्या सकाळी तो माझ्या क्यूबशी आला. म्हणाला, "आता तुम्ही माझ्या लीड नाही. शनिवारी जेवायला याल?"

मी विचारलं, "अजून कोण कोण येतंय?"

"तुम्ही. आणि मी."

पार्टिशनच्या पलीकडून मेई हसली. तिला मराठीचं अक्षरही येत नव्हतं.

*

पुढचं वर्ष आम्ही दोघांनी लग्न करायचं की नाही ते ठरवण्यात घालवलं. मग राहिलं ते आईला सांगणं. आईबाबा सांगलीला. काय बोलायचं ते मी कागदावर मुद्दे काढून लिहिलं, आणि शनिवारी सकाळी फोन लावला. मुलगा नागपूरचा आहे, इंजिनिअर आहे, स्वभावाने शांत आहे, सगळे मुद्दे झाले. शेवटचा राहिला.

"आई, तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे."

पलीकडे रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाइन कट झाली. मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि आई अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मी तुझ्या बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. त्यांना अजून माहीत नाही. तू बोलू नकोस."