समाधान झाले नाही

आमच्या सासूबाई वॉर्ड समितीवर गेल्या तेव्हा अख्ख्या चाळीला कौतुक वाटलं. मला तेव्हाच संशय आला होता. ज्यांनी नाल्यावरची फुटकी फरशी इतक्या वर्षांत बदलली नाही, ते आम्हाला मानाची खुर्ची कशाला देतील?

सासूबाईंचं नाव जानकी घाडीगावकर. लग्न होऊन मालवणकडून थेट या टेकडीवर आल्या. सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यावर महिला मंडळाची बालवाडी चालवून त्यांनी घर ओढलं. टेकडी पूर्व उपनगरातली, एवढंच सांगते. पुढचा पत्ता किंवा खरी नावं दिली तर एका कारकुनाची नोकरी जाईल, आणि या सगळ्या प्रकरणात थोडीफार लाज असलेला तो एकटाच होता.

वॉर्ड समितीत नगरसेवकांबरोबर संस्थांचेही प्रतिनिधी घेतात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. आमचा नगरसेवक नितेश परब याने आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव सुचवलं. त्याचा हिशोब सरळ होता: म्हातारी बाई आहे, चहा पिईल, फोटोत बसेल, घरी जाईल. दोन दारं पलीकडे वाढलेला हा मुलगा, पण आईंना त्याने कधी ओळखलंच नाही.

पहिल्या सभेला आईंना चहा आला, समोसा आला, पाण्याची बाटली आली. विषयांचे कागद आले नाहीत. शेजारच्या नगरसेवकापुढे गठ्ठा होता आणि त्याने तो उघडलासुद्धा नव्हता. आईंनी सभेच्या कारकुनाला, जयवंतला, विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, ज्यांना मत नाही त्यांना प्रत द्यायची पद्धत नाही."

"मगे मी बोलू कशावर? समोशावर?" आई म्हणाल्या.

तेव्हा मला सातवा महिना होता. आमच्या टेकडीखालच्या पालिकेच्या प्रसूतिगृहात माझं नाव घातलं होतं. टेकडीवरची निम्मी पोरं तिथलीच, माझा नवरा तिथला, नितेशही तिथलाच. आणि एक दिवस तपासायला गेले तर सिस्टर म्हणाली, "नवीन नावं घेऊ नका असं वरून आलंय. तुझं आहे तोवर आहे. पुढचं मला विचारू नकोस."

आई दुसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात गेल्या. प्रसूतिगृह बंद करायचा प्रस्ताव आहे का, असेल तर दाखवा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून जिन्याखाली, तिथून साहेब साइटवर गेलेत. शेवटी उत्तर मिळालं, की प्रस्ताव समितीपुढे येईपर्यंत गोपनीय आहे आणि समितीपुढे आल्यावर तो सदस्यांसाठी आहे. मी सदस्यच आहे, असं आई म्हणाल्या. तसे नाही, पूर्ण सदस्य, असं साहेब म्हणाले. मला अजूनही त्या माणसाचा गळा धरावासा वाटतो.

पुढच्या सभेला मी अर्धा दिवस रजा टाकून आईंबरोबर गेले आणि मागच्या खुर्च्यांवर बसले. बरेच नगरसेवक हजेरीची सही ठोकून केव्हाच निघून गेले होते. अध्यक्षबाई विषयाचा नुसता नंबर पुकारायच्या. "वाचला असे समजावे. मंजूर?" लगेच दोन-चार तोंडांतून "मंजूर", की पुढचा नंबर. शेवटी त्या म्हणाल्या, "आयत्या वेळचा एक विषय आहे. वाचला असे समजावे."

आई उठल्या.

आमच्या महिला मंडळात एक रीत आहे. निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची. कुठलाही ठराव आधी मोठ्याने वाचायचा, मगच हात वर करायचा. सगळ्या शिकल्या तरी ती रीत मोडलेली नाही. त्यामुळे त्या सभागृहात आईंना दुसरं काही सुचलंच नाही.

"समजूचा कित्या? कोणी वाचल्यान हो? ह्यांनी? ह्यांचो गठ्ठो अजून बांधलेलो आसा. वाचून दाखवा. माका आयकूचा आसा."

"जानकीताई, तुम्हाला मत नाही..."

"कान आसत ना?"

कोणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी नाइलाजाने मान हलवली आणि जयवंत वाचू लागला. प्रसूतींचे अल्प प्रमाण विचारात घेता सदर प्रसूतिगृह बंद करून इमारत अन्य वापरासाठी देण्याची शिफारस. अल्प प्रमाण! डॉक्टरची जागा तुम्हीच भरायची नाही, सोनोग्राफीचं मशीन तुम्हीच उचलून न्यायचं आणि मग बायका येत नाहीत म्हणून कुलूप घालायचं. आईंनी हेच सगळं बोलून दाखवलं, माझ्यापेक्षा तिखट शब्दांत. मग त्या नितेशकडे वळल्या.

"तू झालस तेव्हा तुझ्या आवशीक थंयसर पेज मी न्हेलंय, नितेश. तू तोंडान बोल. बंद करूचा की नको? सगळ्यांच्या म्होरं बोल."

नितेशने खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता, मी त्याच्या मागेच होते. कानाला लावून "हां बोला, बोला" करत तो बाहेर गेला आणि परत आलाच नाही. जयवंतने डोकी मोजली, मग अध्यक्षबाईंजवळ जाऊन हळूच सांगितलं, की आता कोरम राहिला नाही. सभा तहकूब झाली.

आम्ही आनंदाने घरी आलो! चाळीत आईंनी सगळ्यांना चहा पाजला. एवढ्या शहाण्या आम्ही, की तहकूब सभा पुन्हा भरते आणि तिला कोरम लागत नाही, हे आमच्या गावीही नव्हतं. ती भरली. आईंना कोणी निरोपही दिला नाही. जे चार जण आले त्यांनी हात वर केले, त्यात नितेशचाही हात होता. आम्हाला कळलं ते सिस्टरने माझा केसपेपर माझ्या हातात परत ठेवला तेव्हा. "लांबच्या हॉस्पिटलात नाव घाल बाई," ती म्हणाली. तिचेच डोळे भरले होते. मी मात्र रडले नाही, मला इतका राग आला होता की पोटातलं बाळही त्या रात्री झोपलं नसेल.

त्यानंतरच्या सभेला मी नववा महिना घेऊन गेले. आधीच्या सभेचं इतिवृत्त पुढे आलं. "वाचले असे समजून कायम?"

"वाच रे, जयवंत," आई म्हणाल्या.

जयवंत वाचायला लागला आणि एका ओळीवर अडला. अध्यक्षबाईंनी डोळे वटारले तशी त्याने ती वाचली. "श्रीमती घाडीगावकर यांनी काही शंका उपस्थित केल्या. प्रशासनाच्या खुलाशाने त्यांचे समाधान झाले."

खुलासा कोणी केला होता? बाईच्या तोंडावर दार लावलं आणि तिचं समाधान झालं म्हणून लिहून मोकळे!

आई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "बंद करूचा ता तुमी केलात," त्या म्हणाल्या. "पण माझा समाधान झाला नाय. तसा लिव."

"एका शब्दाने काय फरक पडतो, ताई?" अध्यक्षबाई वैतागल्या.

"मगे घाला ना तो शब्द."

त्या उभ्याच राहिल्या. पुढचा विषय पुकारला तरी बसल्या नाहीत. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले, टेबलाची कड पकडून उभी. अखेर जयवंतने अध्यक्षबाईंना न विचारताच पेन उचललं, दुरुस्ती लिहिली आणि मोठ्याने वाचली. समाधान झाले नाही.

माझी मुलगी लांबच्या हॉस्पिटलात, व्हरांड्यातल्या खाटेवर झाली. आत जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी नितेश आला. हातात बाळाच्या वस्तूंची टोपली, टोपलीवर त्याचा हसरा फोटो, आणि मागे मोबाइल धरून उभा असलेला कार्यकर्ता. टोपली त्याने खाटेखाली ठेवली.

"काकी, आता झालं ते झालं. नात आलीय. आता तरी राग सोडा ना."

आईंनी बाळाला छातीशी धरलं आणि टोपली पायाने खाटेखालून त्याच्याकडे सरकवली.

"माझा समाधान झाला नाय, मेल्या. तसा लिवलेला आसा तुमच्याच कागदात. जा, वाच."