पहिलं पाणी शेवटाला

माझं माहेर पांझरेच्या काठचं, साक्री तालुक्यातलं. सासर रावेरकडचं, केळीतलं. ऐंशी सालानंतर लग्न होऊन इकडे आले, तेव्हा ‘आहे’ला माझ्या तोंडातला ‘शे’ ऐकून घरातली पोरंटोरं हसायची आणि केळीला त्यांचं ‘केयी’ ऐकून मी मनातल्या मनात हसायचे. मोठ्यानं हसायची सोय नव्हती, नवी सून होते. पण बोलीपेक्षा मला नवल वाटलं ते इथल्या पाण्याचं. ज्याची विहीर त्याचं पाणी. शेजारच्याची मोटर जळाली तर लोक हळहळायचे, जेवायचे आणि आपली मोटर चालू करायचे.

आमच्याकडे तसं नव्हतं. नदीवर जुना बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या सगळ्या शेताचे तीन मोठे भाग. त्या भागाला आम्ही फड म्हणायचो. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. नदीला पाणी किती आहे ते बघून गाव दर वर्षी ठरवायचं, कोणत्या फडाला ऊस, कोणत्याला गहू-हरभरा आणि कोणता कोरडा ठेवायचा. म्हणून प्रत्येक घराचा एकेक तुकडा तिन्ही फडांत असायचा. एक कोरडा राहिला तरी दुसऱ्यावर चूल पेटायची. पाणी ओढीचं असलं की आधी पाटाच्या शेवटाला द्यायचं, मग वर वर सरकत यायचं. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. लग्नानं हा गैरसमज दूर झाला.

घरातले कर्ते म्हणजे माझे जेठ, थोरले दीर. सगळे त्यांना भाऊ म्हणत. जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही, ही आमच्यातली रीत. चहा हवा असला की ते भिंतीवरच्या खुंटीकडे बघून म्हणायचे, “चहा झाला असीन त पाठवा.” खुंटीनं कधी चहा केला नाही, मीच करायचे. माणूस मात्र सरळ आणि कामाला वाघ होता. केळीच्या बागेतून फिरताना पान बघून ते झाडाला काय झालंय ते सांगायचे, आणि त्यांचं सहसा चुकायचं नाही.

दर उन्हाळ्यात विहिरीतली मोटर आणखी खाली उतरवावी लागायची. भाऊ काठावर बसून आत बघायचे आणि उठून यायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की इथला विहिरीचा मळा विकायचा आणि पांझरेकाठी जमीन घ्यायची. तिकडे पाट वाहतो, मोटर नको, वीज नको. माझ्या माहेरचंच कोणी तरी विकतंय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. विकणारे होते आमचे माहेरचे शेजारी नाना. जमीन एकगठ्ठा, पाटाच्या अगदी तोंडाशी, आणि भावही बेताचा. भाऊंचे डोळे चमकले. केळीवाल्याला पाण्याच्या तोंडाशी एकगठ्ठा जमीन म्हणजे आणखी काय हवं?

मला मात्र धास्ती वाटली. मळा विकला की परत मिळणार नव्हता, आणि तिकडचं फसलं असतं तर सगळं खापर माझ्या माहेरावर, म्हणजे माझ्यावर फुटलं असतं. मळा विकू नका, असं मी आमच्या ह्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, भाऊंना शेतीतलं जास्त कळतं. मी बांगड्या मागे सारून भांडी घासत राहिले.

भाऊ, हे आणि मी, आम्ही तिघं निघालो. भुसावळ, नशिराबाद, जळगाव, पारोळा, असं करत धुळ्याला आलो आणि तिथून पुढे गाडी बदलून गावी. एसटीत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. नाला दिसला की वाकून त्यात पाणी आहे का बघायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांची जमीन पाहिली, मूठभर माती उचलून हुंगली आणि खूश झाले. बयाणा, म्हणजे विसाराची रक्कम, सोबतच आणला होता. आबा, म्हणजे माझे वडील, सगळीकडे बरोबर हिंडले; पण बरं नाही की वाईट नाही. मला त्यांचा राग आला. स्वयंपाकघरात गाठून विचारलं की तुम्ही मूग गिळून का बसलात? मुलीच्या घरादाराचा प्रश्न आहे. आबा हळूच म्हणाले, “शेजारीना सौदा मी कसा मोडू? फडनी बैठक व्हई जाऊ दे. पाव्हनाले तोवर ठी ले.”

म्हणजे बैठक होईपर्यंत पाहुण्यांना ठेवून घे. ते काम माझं. मग मी जावयाच्या भावाला शोभेल असा पाहुणचार लावला. मांडे झाले, भरीत झालं, पुन्हा मांडे झाले. भाऊ ताटाकडे बघून म्हणायचे, “आता निघाले पाह्यजे,” आणि आणखी एक मांडा वाढून घ्यायचे.

बैठक मारुतीच्या पारावर भरली. बायका बैठकीत बसत नसत, पण समोरच्या ओट्यावर धान्य निवडायला बसायला कोणाची बंदी होती? मी सूप घेऊन तिथे बसले. आबांनी भाऊंना मानानं पुढे बसवलं. पाऊस मागच्या वर्षीही कमी झाला होता. पंचांनी नदीचं सांगितलं आणि ठरलं ते असं की या खेपेला पाणी एकाच फडाला पुरेल, खालच्या. मधला आणि वरचा कोरडा. कोणी तक्रार केली नाही. पाट साफ करायला कोणत्या घरचं कोण येणार, एवढंच पुढे बोलणं झालं.

भाऊंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. नानांची जमीन सगळी वरच्या फडात होती. त्यांनी विचारलं की पाटाच्या तोंडाशी असून पाणी कसं नाही? पाटकऱ्यानं, म्हणजे फडाला पाणी देणाऱ्या माणसानं सांगितलं की पाणी तिथूनच जाईल, पण थांबणार नाही. मग केळी? एकट्याला वेगळं पीक नाही. मग आपली विहीर खणली तर? आबांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. फडात विहीर खणू देत नाहीत, कारण ज्याचं स्वतःचं पाणी झालं तो उद्या पाटातला गाळ काढायला कशाला येईल?

भाऊ नानांकडे बघू लागले. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी काही वर्षांपूर्वी खालचे तुकडे लोकांशी बदलून वरच्या फडात एकगठ्ठा शेत केलं होतं. राखायला सोपं, बांध कमी. तेव्हा गावानं त्यांना हुशार म्हटलं होतं.

“पाव्हना,” नाना म्हणाले, “मी बठ्ठं एके जागे करी बठनू. आते बठ्ठं कोरडं शे. तुमी नका करू.”

सगळं एकाच जागी करून बसलो आणि आता सगळं कोरडं आहे, हे सांगून स्वतःचा सौदा त्यांनी स्वतःच मोडला. मला भरून आलं. सुपातले खडे दिसेनात.

बयाणा जसा आला तसा परत गेला. घरी आल्यावर मळा विकायचा विषय निघाला नाही. मात्र पुढच्या लागवडीला त्यांनी केळी कमी केली आणि उरलेल्या वावरात कापूस, ज्वारी टाकली. शेजारी हसले. भाऊंनी त्यांना हसू दिलं. तिकडे नानांचंही हळूहळू सावरलं. आबांनी आणि आणखी दोघातिघांनी खालच्या फडातले आपले तुकडे त्यांना बदलून दिले. हे मी घरी सांगितलं तेव्हा भाऊ ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता क्षणभर थांबला.

नव्वदीच्या दशकात आमच्या घराची वाटणी झाली. वाटणी म्हटली की विहीर कोणाला, यावरच भांडणं होतात. रिवाजानं विहिरीचा मळा थोरल्याचा आणि लांबचं कोरडवाहू वावर आमचं, हे मी गृहीत धरलं होतं. मनाची तयारीही करून ठेवली होती. भाऊंनी मळ्याचे दोन भाग केले, लांबच्या वावराचेही दोन केले आणि विहीर दोघांत ठेवली. नात्यातले लोक म्हणाले, जमिनीच्या अशा चिंध्या कोणी करतं का? भाऊंनी दोरी धरून बांध आखून घेतले.

वाटणीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीनं खूप ओढ दिली. मळ्यातला आमचा तुकडा सगळ्यात शेवटी होता. मी बांधावर उभी होते, पाणी इथपर्यंत पोचेल की नाही ते बघत. भाऊ फावडं घेऊन आले. आपल्या केळीकडे जाणारी चारी त्यांनी मातीनं बंद केली आणि पाणी पुढे सोडलं. मी घाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

आजूबाजूला खुंटी नव्हती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पहिलं पानी शेवटाले. तुह्या आबांची रीत हाये ना, बाई?”