पडद्याच्या मागची बाजू

१९६१ च्या जूनमध्ये माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात झाली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, लेफ्टनंट, वय चोवीस. नचिकेत, रेवा, तुम्ही नातवंडं रविवारी फोनवर मला आठवड्यात पाहिलेल्या सिनेमांबद्दल सांगता. हा कंटाळवाणा, तो बरा, अमुक मालिकेचा शेवट फसला. मी ऐकते, पण स्वतःचं मत देत नाही. काहून, असं रेवाने परवा मुद्दाम माझ्या माहेरच्या बोलीत विचारलं. म्हणून हे लिहिते आहे.

वॉर्डचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई. टेंपरेचर, पल्स, ड्रेसिंग. साडेआठला डॉक्टरांचा राउंड. शनिवारी संध्याकाळी मैदानात दोन खांबांमध्ये पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवत. चालता येणारे पेशंट जात. ज्यांना पलंग सोडता येत नसे, त्यांच्यासाठी आमच्या वॉर्डात एक रीत होती. रविवारी ड्रेसिंग संपलं की एक जण सावधान उभा राहून सिनेमाचा रिपोर्ट देई.

१९६२ च्या पावसाळ्यात हे काम सिपाही करीमकडे होतं. तो दिग्रसचा. तुमच्या पणजोबांची वकिली दिग्रसलाच होती, म्हणजे माझ्या गावचा. काविळीमुळे महिनाभर माझ्या वॉर्डात होता. सॅल्यूट सोडून सगळं डाव्या हाताने करायचा.

"करीम, रिपोर्ट."

"जी सिस्टर. हीरो, ठीक. हिरोइन, रडते जास्त. गाने सहा. चार चांगले, दोन कायले टाकले माईत नाई. फायटिंग, झूट. सहा गोळ्यांचं पिस्तूल, अकरा बार काढले. माय मात्र खरी वाटली."

"खरी म्हणजे?"

"पोरगा इतक्या सालानं घरी आला, तरी रडली नाई, सिस्टर. पहिले विचारलं, जेवला काय."

पलंगावरचे हसले. पाय ट्रॅक्शनमध्ये अडकलेला एक हवालदार म्हणाला, "बस, देख लिया पिक्चर."

करीम मैदानात सगळ्यांबरोबर बसत नसे. चादरीच्या मागच्या बाजूला एकटाच बसे. मी कारण विचारलं.

"सवय हाये, सिस्टर. आमच्या गावच्या तंबूत बायका पडद्याच्या मागं बसतेत. मी मायजवळ बसो. समोरून पिच्चर परका वाटते मले." मग हसून म्हणाला, "अन् मागून पाह्यलं का सारे माह्यासारखे डावखोरे."

सप्टेंबरात तो बरा होऊन युनिटला परत गेला. ऑक्टोबरात चीनशी लढाई सुरू झाली. नोव्हेंबरअखेर आमच्या व्हरांड्यातही पलंग होते. हिमदंशाने बोटं काळी पडलेली मुलं येत होती. त्या दिवसांबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही.

१९६३ च्या फेब्रुवारीत मला चौदा दिवसांची रजा मिळाली. यवतमाळहून एस.टी.ने दिग्रसला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला करीमची आई, हलीमाखाला, आमच्या ओसरीवर आली. तिचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होते, ते केव्हाच वारले होते. करीम एकुलता एक. तिने पदराची गाठ सोडून तार काढली. अनेकांनी वाचून तिच्या घड्या विरल्या होत्या.

'मिसिंग, बिलीव्हड किल्ड.'

"बेपत्ता आहे," मी सांगितलं. "मारला गेला असावा, असं मानतात."

"मानतेत. म्हंजे त्याइले बी पक्कं माईत नाई."

"नाही."

"मले माईत हाये. मी त्याले रोज पाहून राह्यली."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. गेल्या तीन महिन्यांत अशी वाक्यं मी पुष्कळ ऐकली होती.

"अशी नोको पाहू, बेटी. पागल नाई झाली मी. आज संध्याकाळी चाल माह्यासंगं तंबूत. तुह्या हाताखाली होता नं तो? तू त्याले ओळखतं. तू हो म्हण अन् मिल्ट्रीले तसं लिहून दे. तुही सही चालन. तू अफसर हायेस."

सिनेमाचा तंबू जिनिंगशेजारच्या मोकळ्या जागेत होता. पहिला खेळ साडेसहाचा. पुरुष पडद्यासमोर, बायका पडद्यामागे. जनरेटर सुरू झाला. कापसाचा हंगाम असल्याने हवेत सरकी काढलेल्या रुईचे तंतू तरंगत होते. मुख्य सिनेमाआधी वृत्तपट लागला. शीर्षकाची अक्षरं उलटी होती, ती मी लहानपणच्या सवयीने वाचली. मग बर्फाचे डोंगर आले. प्रोजेक्टरच्या झोतात समोरच्या बाजूने कापूस उडत होता आणि त्याची सावली पडद्यावर उतरत होती. बर्फ कोणतं आणि कापूस कोणता, ते कळेना.

खालाने माझं मनगट धरलं. "आता."

घोंगड्या पांघरलेल्या जवानांची रांग. हातात चहाचे इनॅमलचे मग. तिसऱ्या जवानाने डाव्या हातातला मग वर केला आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. मान किंचित वाकडी. हसताना एकच गाल वर. चार सेकंद. पल्स मोजायच्या सवयीने मी सेकंद मोजते.

"पाह्यला?"

"हो," मी म्हणाले. "तोच आहे."

खाला उठून उभीच राहिली होती. मागून एक बाई म्हणाली, "बसा नं खाला. तुमचा झाला, आता आमचा हीरो येऊ द्या."

खेळ सुटल्यावर आम्ही चालत घरी निघालो. खाला रस्त्याने बोलत होती. "पोरगी बरी हाये. गाने ठीक. सासू झूट. एवढ्या मोठ्या घरची सासू, पहिल्याच दिवशी सुनेले तिजोरीची चाबी देते काय?" मी थांबले. ती 'ठीक', 'झूट'ची ढब, तो ठेका, मी वॉर्डात करीमच्या तोंडून ऐकला होता. रस्त्यावर आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. तरी मी एकदा मागे वळून पाहिलं.

सकाळी सातला मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायला बसले. नंबर, रँक, नाव. मुद्दा एक, कुठे पाहिलं. मुद्दा दोन, ओळख कशी पटली. 'मग डाव्या हातात' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मागून पाह्यलं का सारे माह्यासारखे डावखोरे. करीमने मला सांगून ठेवलं होतं. उलटी अक्षरं मी स्वतः वाचली होती. तरी लेफ्टनंट म्हणून, खात्री न करता, मी एका आईला हो म्हणाले होते.

मी पेनाला टोपण लावलं. तोवर खालाने गल्लीत साखर वाटली होती.

त्या संध्याकाळी मी तिला घेऊन पुरुषांच्या बाजूने आत शिरले. दारवाला आडवा आला.

"लेडीज मागं, बाई."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"मिल्ट्रीचा कायदा इथं नाई चालत, मॅडम."

"जाऊ दे रे," बाकावरून एक जण ओरडला. "करीमची माय हाये ते."

आम्ही पुढच्या बाकावर बसलो. या बाजूने अक्षरं सरळ होती. बर्फ. रांग. मग उजव्या हातात वर झाला. नाक तेच होतं, हसणंही तेच. पण मान दुसऱ्या बाजूला वाकलेली, दुसराच गाल वर आणि सगळा चेहरा अनोळखी. मेलेल्यांचे चेहरे मी खूप पाहिले आहेत. जिवंत माणसाचा चेहरा असा डोळ्यांदेखत परका होताना तेवढाच पाहिला.

"खाला, मी चुकले," मी म्हणाले. "हा उजव्या हाताचा आहे. मागून उलटं दिसतं. हा करीम नाही."

सिनेमा सुरू झाला होता. खाला उठली, खांबाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली आणि आपल्या जागेवर बसली. मी शेजारी बसले. संपूर्ण खेळ ती काही बोलली नाही. घरी जाताना सिनेमाबद्दलही नाही.

तिसऱ्या दिवशी सहाला ती आमच्या दाराशी उभी होती. "चाल," एवढंच म्हणाली.

आम्ही मागे बसलो. जनरेटर, उलटी अक्षरं, बर्फ, कापूस. रांग आली.

"तिकून तो दुसरीचा पोरगा," खाला हळू म्हणाली. "जिता हाये तो. तिले भेटन. इकून माहा हाये."

मी तिच्याकडे वळले.

"तू सही नोको करू, बेटी. झूटी सही नाई करायची. तंबू हाये तंवर मले येऊ दे, बस."

मग पडद्याकडे पाहून, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली, "जेवला काय रे?"

तिसऱ्या जवानाने डाव्या हातातला मग वर केला आणि आमच्याकडे पाहून हसला. रोज तो तेवढंच करत होता, हे मला माहीत होतं. तरी या वेळी मी सेकंद मोजायला विसरले. खाला रडली नाही.

मी रजेचे उरलेले दिवस तिच्याबरोबर तंबूत गेले. ती रोज तेच विचारी. तो रोज मग उचले. मी निघाले त्याच आठवड्यात तंबू उठून दारव्ह्याला गेला. खाला त्याच्या मागोमाग गेली नाही. उन्हाळ्यात पक्की बातमी आली. करीम लढाईच्या पहिल्याच दिवसांत पडला होता. पत्र घेऊन ती माझ्या वडिलांकडे आली, त्यांच्याकडून शांतपणे वाचून घेतलं आणि घरी जाऊन करीमच्या नावाने फातेहा पढवली.

पुढे आपल्या घरी टीव्ही आला. पहिल्याच संध्याकाळी मी उठून त्याच्या मागे जाऊन पाहिलं. तुमच्या आजोबांना वाटलं, मी वायर तपासते आहे. मागे पुठ्ठा होता, भोकं होती आणि सहा स्क्रू. त्याला मागची बाजू नव्हती. समोरून पाहिलेल्या सिनेमाचा रिपोर्ट मला देता येत नाही, रेवा.

सिपाही करीम, राहणार दिग्रस. वय एकवीस. डावखोरा.