वैष्णवीचा खो-खो बंद केला तेव्हा

तुळजापूरच्या तारामतीबाई अंगणवाडी सेविका. कुणाचं लेकरू खंगायला लागलंय, हे त्यांना वजनकाटा आणायच्या आधीच कळतं. घरातलं तेवढं कळलं नाही.

त्यांची वैष्णवी एसटीनं धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात एम.एस्सी.ला जायची. तास संपले की मैत्रिणींबरोबर तासभर खो-खो खेळायची आणि सहाच्या गाडीनं परतायची. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नुसतं खेळायचं.

गेल्या दिवाळीनंतर माकणीचं स्थळ आलं.

"गुडघे फुटलेले, तोंड काळवंडलेलं. पावणे बघायला यायलेत," तारामतीबाई म्हणाल्या. "सोमवारपास्नं चारच्या गाडीनं घरी यायचं."

"आई, खेळलं की डोक्यातलं सगळं थांबतं गं. एवढं एक बंद करू नको."

"असं काय असतंय डोक्यात? भाकरी थापायला लाग, आपसूक थांबतंय."

वैष्णवी चारच्या गाडीनं यायला लागली. उलट बोलेना, भाजीला नावं ठेवेना, सांगितलं तेवढं करून भिंतीकडं तोंड करून पडायची. तारामतीबाई शेजारच्या सारजाबाईंना कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणाची झाली बघा. घरात हाय का न्हाय, कळत न्हाय." पाहुण्यांनाही तेच आवडलं. "पोरगी शांत हाय," म्हणाले.

परीक्षेच्या आठवड्यात तिची मैत्रीण मोनिका घरी आली. "काकू, वैष्णवी आजारी आहे का? दोन पेपरला आलीच न्हाय."

दोन्ही दिवस वैष्णवी डबा घेऊन निघाली होती. विचारल्यावर म्हणाली, "स्टँडवरच बसले. गाडी यायची, पण उठणंच व्हायचं न्हाय."

सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "असं कधीपासून?" तारामतीबाईंना वारासकट सांगता आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि खेळायला पाठवा म्हणाले.

पाहुण्यांना थांबायचा निरोप देऊन तारामतीबाई स्वतः तिला मैदानावर घेऊन गेल्या. मोनिकानं हाक मारली. "जा की," आई म्हणाली. "बरं," वैष्णवी म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची. ओळीत जाऊन बसली.

मागून पाठीवर थाप पडली, "खो!" वैष्णवी उठली. पण पळायच्या आधी वळून तिनं आईकडं बघितलं, पळू का म्हणून.

"पळ की गं पोरी!" तारामतीबाई ओरडल्या. तोवर पुढं पळणारी मुलगी खांबापलीकडं गेली होती.