पाय सोडल्यावर राहणारा सूर

कालपासून माधवीच्या डोळ्यांसमोरून तो टेम्पो हलत नव्हता.

सुरतेतल्या कतारगामच्या रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन ती रिक्षाची वाट बघत उभी होती. पुढून शालिग्रामभाऊ सायकलवरून चालले होते. हँडलला जेवणाचा डबा, डोक्यावर रुमाल, चाल अगदी निवांत. मागून सुताची खोकी लादलेला टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला; एकदा नाही, पाच-सहा वेळा. पानवाल्याने मान वर केली, रस्त्यात बसलेली गायसुद्धा उठली. शालिग्रामभाऊंची सायकल मात्र बाजूला झाली नाही. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला तेव्हा सायकलच्या मडगार्डात आणि टेम्पोत वीतभर अंतर राहिलं असेल.

“ओ काका, बहेरा छो के?” तो डोकं बाहेर काढून ओरडला.

सावली अंगावर आली तेव्हा कुठे शालिग्रामभाऊंनी वळून बघितलं. त्याच्या तोंडाकडे बघून ते हसले, हात हलवला आणि पुढे निघून गेले. माधवी त्यांना दिसलीच नाही.

बहिरे आहात का, असं टेम्पोवाल्याने रागाच्या भरात विचारलं ते खरंच होतं, आणि हे त्या रस्त्यावर एकट्या माधवीला ठाऊक होतं. ते कुणाला सांगायचं नाही, असा शब्द तिने आठच दिवसांपूर्वी, आपल्याच घरात, त्यांना दिला होता.

शालिग्रामभाऊ माधवीच्या घरी पहिल्यांदा आले ते नव्वद साली. तिच्या नवऱ्याच्या, जयंतच्या बँकेत ते पासबुक भरायला येत. एकदा त्यांच्या काखेत लांबडी पेटी बघून जयंतने सहज विचारलं, “काय आहे हे?” तर त्यांनी काउंटरसमोरच पेटी उघडून दाखवली. आत स्टील गिटार. आडवी मांडीवर ठेवून, तारांवरून पोलादी दांडा सरकवत वाजवायची. सगळे तिला हवाईयन गिटार म्हणत. घरी येऊन जयंत म्हणाला, “अगं, पारोळ्याकडचा माणूस आहे, मागावर जॉबर आहे, आणि गिटार वाजवतो!” बारा वर्षांच्या लेकीने, श्वेताने तिथेच हट्ट धरला.

माधवीला तेव्हा शंभर काळज्या. माग दुरुस्त करणारा माणूस पोरीला काय शिकवणार? अभ्यासाचं काय? पहिल्या रविवारी शालिग्रामभाऊ आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातांना तेलाचा वास येऊ नये म्हणून साबणाने कोपरापर्यंत धुऊन. चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या. श्वेताच्या हातात दांडा देऊन म्हणाले, “हा आपला धोटा. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो नि कापड होतं. इथे हा पळतो नि गाणं होतं. फरक एवढाच, की इथे मालक मागे उभा नसतो.”

श्वेता खुदकन हसली आणि माधवीची निम्मी काळजी तिथेच संपली.

सात वर्षं ते येत राहिले. आता आठवलं, की त्या रविवारांना भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येतो. ते स्वतः शेंगदाणे आणत, गावाकडचे. त्यांच्या ॲम्प्लिफायरचं लाकडी खोकं जयंतच्या स्कूटरवरून यायचं, मागे श्वेता ते पोटाशी धरून बसलेली. एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बनवून दिलेलं ते खोकं सुरू केलं की आधी मिनिटभर गुरगुरायचं. “जागं होतंय,” शालिग्रामभाऊ म्हणायचे.

आणि ती मुकी बोली! मागाच्या खात्यात शंभर माग एकदम खडखडत असतात. तिथे बोलून उपयोग नाही. तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, सोबत हाताच्या खुणा. शालिग्रामभाऊंनी श्वेताला ते शिकवलं. मग दिवाणखान्याच्या या टोकाला ते, त्या टोकाला ती, आणि दोघांच्या गप्पा चाललेल्या, आवाज शून्य. “आई, काका म्हणतायत चहात साखर कमी आहे,” श्वेता ओरडायची. माधवी लटक्या रागाने म्हणायची, “भाऊ, तोंडाने सांगा की!” जयंत पेपरातून डोकं वर काढायचा. “बँकेत ही बोली चालू करायला हवी. मॅनेजर काय बोलला ते ऐकूच यायचं नाही.”

किती हसलो आपण, माधवीला आता वाटे. हसताहसता कुणाच्याच लक्षात आलं नाही की शालिग्रामभाऊ कुणाशीही बोलताना त्याच्या तोंडाकडेच बघत असतात. तिला ते अगत्य वाटायचं. आपल्या भिशीतल्या बायकांना ती सांगायची, “आजकाल कोण एवढं लक्ष देऊन ऐकतं?”

चौऱ्याण्णवच्या प्लेगात माग बंद पडले. निम्मं शहर गाड्या भरभरून निघून गेलं. शालिग्रामभाऊ राहिले. तोंडाला रुमाल बांधून एकदा खुशाली विचारायला आले, तेव्हा माधवी म्हणाली, “किती शांत झालंय ना सगळं? भीतीच वाटते.” त्यांनी रुमाल बांधला होता, तिने नव्हता; म्हणून तिचे ओठ बघून त्यांना कळलं असेल. ते म्हणाले, “शांत कुठे ताई? माझ्या कानात माग चालूच आहेत. मालकाने बंद केले तरी हे काही बंद होत नाहीत.” तेव्हाही ती हसलीच होती.

आणखी एक. दरवर्षी गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात ते वाजवत. दोन-तीन वर्षांपासून लोक कुरकुरत होते. सूर पक्के, पण आवाज टोचतो. श्वेता ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे उंच सुरांचं बटण खाली आणायची, ते पुन्हा वर न्यायचे. “काका, कानात सुया जातात!” “तुमचे कान नाजूक, पोरी. साहेबांच्या घरचे.”

यंदा श्वेता बडोद्याहून सुट्टीला आली ती एक इफेक्ट्स प्रोसेसर घेऊन. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रातल्या एका मुलाने नवा घेतला म्हणून जुना हिला दिला. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, वर तीन बटणं. त्याने सुराला घुमारा देता येतो, प्रतिध्वनी जोडता येतो. यंदाच्या गणपतीत काका हे लावून वाजवणार, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

रविवारी दुपारी दिवाणखान्यात वायरींचं जाळं पसरलं. गिटार, आवाज कमी-जास्त करायचं पायाखालचं पेडल, प्रोसेसर आणि गुरगुरणारं खोकं. वाद पेडलवरून पेटला.

“पेडल शेवटी, खोक्याच्या अगदी जवळ,” शालिग्रामभाऊ म्हणाले. “पाय सोडला की सगळं बंद झालं पाहिजे. ब्रेक शेवटीच असतो.”

“काका, हा माग नाहीये. गिटारमधून आधी पेडल, मग प्रोसेसर, मग ॲम्प्लिफायर. म्हणजे तुम्ही पाय सोडलात की नवा सूर थांबेल, पण आधीच्या सुराचा प्रतिध्वनी घुमत राहील. हळूहळू विरेल. ऐका तर!”

“माझ्या पायाचं न ऐकणारं मशीन काय कामाचं?”

“साहेबांच्या घरचं आहे, जरा नाजूक आहे,” श्वेताने परतफेड केली. जयंत मोठ्याने हसला आणि शालिग्रामभाऊंनी हात जोडले. “लाव बाई तुझ्या मनासारखं.”

तिने जोडलं. अडॅप्टर लावला, लाल दिवा लागला. शालिग्रामभाऊंनी गिटार मांडीवर घेतली, धोटा वरच्या टोकाच्या तारांवरून सरकवत नेला, एक उंच सूर काढला आणि पाय सोडला.

सूर थांबला नाही. तो खोलीतून निघून जणू गच्चीवर गेला, तिथून पलीकडच्या सोसायटीवर, तिथून तापीकडे. बारीक होत होत जात राहिला. जयंतच्या हातातला पेपर खाली आला. माधवीच्या अंगावर काटा उभा राहिला.

“लागलं नाही गं,” शालिग्रामभाऊ म्हणाले. “पाय सोडला, सूर थांबला. होता तसाच आहे.”

श्वेताला वाटलं, थट्टा करतायत. “काका!”

“वायर बघ एकदा. बंद असेल तुझं मशीन.”

तिने वायर काढून पुन्हा लावली, प्रतिध्वनी वाढवला. त्यांनी पुन्हा तोच सूर काढला, पाय सोडला आणि मान हलवली. “नाहीच.” सूर त्यांच्या डोक्यावरून चालला होता, अजून चालला होता.

माधवी त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. का कोण जाणे, ती म्हणाली, “भाऊ, चहा ठेवू?”

ते वायरच बघत राहिले.

“शालिग्रामभाऊ, चहा ठेवू का?”

श्वेताने आईकडे बघितलं, मग काकांच्या पाठीकडे. एकदम गप्प झालेल्या तीन चेहऱ्यांपैकी समोरचे दोन शालिग्रामभाऊंनी बघितले, आणि त्यांनी पुन्हा एकदा सूर काढला. पाय सोडला. मग खात्यात माग बिघडला की ते जे करत, तेच केलं. तळहात खोक्याच्या लाकडावर पालथा ठेवला. बोटं ताणून, डोळे मिटून. जयंत एकदा त्यांचं मागाचं खातं बघायला गेला होता, तेव्हा कौतुकाने सांगत आला होता, की हा माणूस मागाला नुसता हात लावून दुखणं सांगतो.

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

“अजून चालूच आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

श्वेताने होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“छान वाटतं का?”

तिने आवाज न काढता, ओठांनीच सांगितलं, फार छान.

“मग असंच राहू दे. लोकांना ऐकू आलं म्हणजे झालं.”

श्वेता आत निघून गेली. शालिग्रामभाऊंनी माधवीला समोर बसायला सांगितलं. उंच सूर गेले चार वर्षांपूर्वी, ते म्हणाले. मग पाठीमागचं बोलणं. धोट्याच्या जागा हाताला पाठ आहेत, त्यावर चाललंय. “खात्यात कळलं तर जॉबरचं काम जाईल. आणि घरी उषाला कळलं तर ती सगळा दोष हिच्यावर टाकेल.” त्यांनी गिटारवर हात ठेवला. “मागावर नाही टाकणार, मागाने पोरांची शिक्षणं केली. गणपती होऊ द्या ताई. विसर्जनानंतर मीच सांगेन. शब्द द्या.”

माधवीने दिला. त्या वेळी न देणं तिला जमलंच नसतं.

पण विसर्जनाला अजून तीन आठवडे होते, आणि रस्त्यावर टेम्पो रोज होते. शब्द मोडला तर भाऊ पुन्हा तोंड दाखवणार नाहीत, पाळला तर एखाद्या सकाळी कुणीतरी भलतीच बातमी घेऊन येईल. कानाच्या डॉक्टरांकडे आज नेलं तर उरलेलं तरी वाचेल का, तेही तिला कळत नव्हतं. श्वेता बडोद्याला परत गेली होती. जयंत म्हणाला, “शब्द दिलायस ना? मग आता काय?” पुरुषांना असं सरळ दिसतं.

विचार करता करता तिला भाऊंच्या पत्नी उषाबाई आठवल्या. गेल्या संक्रांतीला ती त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली होती. तिन्हीसांजा झालेल्या, खोलीत अंधार, शालिग्रामभाऊ कोपऱ्यात खाटेवर. उषाबाई हातातलं ताट खाली ठेवून उठल्या, आधी बल्ब लावला, वळसा घालून नवऱ्याच्या समोर गेल्या, त्यांच्या कोपराला हात लावला आणि मग ताई आल्याचं आपल्या अहिराणीत सांगितलं, “दखा, ताई उन्यात.” मध्ये एकदा वीज गेली. तेव्हा त्या बोलता बोलता थांबल्या, मेणबत्ती पेटवून नवऱ्यासमोर धरली, आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. नवऱ्याचा केवढा मान राखते ही बाई, असं माधवीला तेव्हा वाटलं होतं.

मनातल्या मनात ती पुन्हा पुन्हा त्या मेणबत्तीपाशी येऊन थांबू लागली.

म्हणजे उषाबाईंना ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. त्यांनी गिटारला नाव ठेवलं नव्हतं, पेटी फेकली नव्हती. नवऱ्याला लपवायचं आहे तर लपवू दे, आपण ओठ दिसतील एवढा उजेड लावावा, एवढंच त्या करत आल्या होत्या. पण रस्त्यावर त्या नव्हत्या. टेम्पो त्यांनी बघितला नव्हता. तो फक्त माधवीने बघितला होता.

शालिग्रामभाऊंच्या घरी फोन नव्हता. खाली मगनभाईंच्या किराणा दुकानात होता. नाव सांगितलं की ते वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारत. सकाळच्या पाळीला भाऊ खात्यात असतात. उद्या अकरा वाजता फोन करायचा, माधवीने ठरवलं. भाऊंचा शब्द मोडायचा नाही; कानांबद्दल आपण होऊन एक अक्षर काढायचं नाही. आधी टेम्पोचं सांगायचं, अगदी बघितलं तसं. आणि मग फक्त विचारायचं, वहिनी, तुम्ही भाऊंशी बोलायच्या आधी दिवा का लावता?